‘फॅन फिल्मला स्टुडिओ काही करत नाही’ : फिरत्या मेसेजमधलं काय काय खोटं

बडोद्यातल्या मराठी नाटकवाल्यांच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय : फॅन फिल्ममध्ये (चाहत्यांनी आवडत्या सिनेमा-मालिकेवर स्वतः बनवलेल्या फिल्ममध्ये) मूळ सिनेमाचे तीस सेकंद चालतात, पैसे कमावले नाहीत तर गुन्हा नाही, आणि ‘सर्व हक्क मूळ मालकांचे’ अशी पाटी टाकली की झालं.

तीस सेकंदांचा नियम कायद्यात कुठेच नाही. कॉपीराइट कायदा 1957, कलम 52 : खाजगी वापर, समीक्षा, चालू घडामोडींचं वार्तांकन यांना रास्त वापराची सूट आहे, ती सेकंद मोजून मिळत नाही. आणि यूट्यूबवर चढवलेली फिल्म खाजगी कसली?

पैशांचा मुद्दा अर्धवट खरा, म्हणून जास्त फसवा. कलम 63 मध्ये सहा महिने ते तीन वर्षं कैद आहे. धंद्यासाठी केलं नसेल तर न्यायालय ती कमी करू शकतं, इतकंच. दिवाणी दावा वेगळाच. शिवाय वर्गणी म्हणजेही पैसाच. ‘स्टार ट्रेक’ या अमेरिकन विज्ञानकथा मालिकेवरच्या एका फॅन फिल्मसाठी, म्हणजे ‘अ‍ॅक्सनार’साठी चाहत्यांकडून दहा लाख डॉलरांहून जास्त जमले, डिसेंबर 2015 मध्ये हक्कमालक स्टुडिओ सीबीएस-पॅरामाउंटने दावा लावला, जानेवारी 2017 मध्ये न्यायाधीशांनी फेअर यूजचा (तिथल्या रास्त वापराचा) बचाव नाकारला आणि त्याच महिन्यात तडजोड झाली. मधल्या काळात, जून 2016 ला, स्टुडिओने फॅन फिल्मांसाठी नियम काढले : गोष्ट 15 मिनिटांची, फार तर दोन भाग मिळून 30, वर्गणी 50,000 डॉलरपर्यंत, सगळे बिनपगारी, मूळ मालिकांत काम केलेलं कुणी नको. ही शेवटची अट चाहत्यांना सगळ्यात झोंबली, आणि झोंबण्यासारखीच होती. ‘रेनेगेड्स’ या दुसऱ्या फॅन फिल्मवाल्यांनी ‘स्टार ट्रेक’चं नाव नि खुणा काढून फिल्म पुरी केली.

पाटी निरुपयोगी. उलट, हक्क दुसऱ्याचे आहेत हे माहीत होतं, याची ती लेखी कबुली.

कंटेंट आयडीला, म्हणजे यूट्यूबच्या आपोआप तपासणाऱ्या यंत्रणेला, पाटी वाचता येत नाही, तो आवाज आणि चित्र जुळवतो. त्याचा क्लेम (हक्काचा दावा) आला तर घाबरू नका : ‘यूट्यूब स्टुडिओ’ या चॅनेल सांभाळायच्या पानावर जाऊन तेवढा तुकडा कापा किंवा गाणं बदला. हरकत घेतलीत तर समोरच्याला 30 दिवस मिळतात. स्ट्राइक, म्हणजे मालकाच्या तक्रारीवरून फिल्म काढली की चॅनेलवर बसणारा ठपका, मात्र वेगळी चीज. 90 दिवसांत तीन झाल्या की चॅनेल जातो. काउंटर नोटिफिकेशन (फिल्म परत लावा असा उलट अर्ज) रागाच्या भरात भरू नका, त्यातलं तुमचं नाव थेट तक्रारदाराकडे जातं.

बहुतेक फिल्मा अडकतात त्या पार्श्वसंगीतावर. 1886 पासून संगीतशाळा असलेल्या बडोद्यात तबलजी आणि पेटीवाला मिळत नाही, असं कोण म्हणेल? चाल नवी बांधून घ्या, आणि वादकांकडून वापराची परवानगी कागदावर सहीनिशी घेऊन ठेवा.