लाइटरूमच का?
रॉ फाइलींसाठी, म्हणजे कॅमेऱ्याने टिपलेल्या कच्च्या फोटोंसाठी, लाइटरूम या फोटो सुधारायच्या सॉफ्टवेअरला पर्याय नाही, हे लेखातलं विधान पटलं नाही. मी त्याच कामाचं डार्कटेबल हे सॉफ्टवेअर वापरतो. फुकट आहे, २०१७ पासून विंडोजवरही चालतं. सुरुवातीला डोकं फिरतं हे खरं. एकाच कामाला तीन-तीन मॉड्यूल (फोटो सुधारायची साधनं), आणि रॉ फोटो उघडला की कॅमेऱ्याच्या जेपेगपेक्षा फिका दिसतो. अहो, जेपेगमध्ये कॅमेऱ्याने आधीच रंगरंगोटी केलेली असते, इथे ती आपण करायची. १४ बिटच्या रॉ फाइलीत प्रत्येक रंगाच्या उजेडाच्या १६,३८४ पायऱ्या, जेपेगमध्ये जेमतेम २५६; सावलीतला चेहरा उजळायला गेलात की फरक कळतो. कॅमेऱ्यात फुजीचा एक्स-ट्रान्स सेन्सर असेल तर मात्र आधी रॉथेरपी हे दुसरं फुकट सॉफ्टवेअर बघा. आणि एक्सएमपी फाइली सांभाळा, फोटोत केलेले बदल डार्कटेबल त्यांत लिहून ठेवतं! लॅपटॉप बदलताना मी त्या कचरा समजून मागेच सोडल्या, भाच्याच्या मुंजीचे सगळे फोटो परत पहिल्यापासून करत बसलो.