टेन्शनरच्या पट्टीबद्दलच्या एका स्टारला आमचं उत्तर

नमस्कार सर,

तुमचा रिव्ह्यू काल रात्री शटर ओढल्यावर वाचला. जूनमध्ये आमच्याकडे बुलेटच्या प्रायमरी चेनचा (इंजिनची ताकद क्लचकडे नेणारी आतली चेन) टेन्शनर, म्हणजे ती चेन ताणून धरणारी रबर लावलेली पत्र्याची पट्टी, बदलला, जेमतेम ३,००० किलोमीटरमध्ये पुन्हा खडखड सुरू झाली, विचारायला आलात तर काउंटरवरून "गाडी रेटत असाल" असं ऐकावं लागलं, आणि आता तीन आठवडे गाडी आमच्याकडेच अडकलीये. वर डुप्लिकेट माल टाकून ओरिजिनलचे पैसे लावले, असंही तुम्ही म्हणता.

काउंटरवर त्या दिवशी माझा भाचा होता. गाडी न उघडता त्याने तसं बोलायला नको होतं. त्याच्या वतीने माफी मागतो.

आता पट्टीचं. ती कंपनीची नव्हती, हे खरं. नाना पेठेत त्या आठवड्यात कंपनीची मिळाली नाही, तुम्हाला शनिवारी ताम्हिणीला जायचं होतं, म्हणून लोकल बसवली. पैसे लोकलचेच घेतलेत, बिल काढून बघा. पण बिलावर नुसतं "टेन्शनर पट्टी" लिहिलंय. लोकल आहे हे तिथे लिहिलं नाही आणि तुम्हाला सांगितलंही नाही. एक फोन केला असता तर तुम्ही कदाचित आठवडाभर थांबला असतात. ही चूक माझी, फिटरची नाही.

उघडल्यावर काय दिसलं ते सांगतो. झिजलेली पट्टी बरंच बोलते. एकाच कडेने खाल्ली असेल तर इंजिनचं आणि क्लचचं स्प्रॉकेट (चेन बसते ते दातेरी चाक) एका रेषेत नाही. चेनच्या दोन्ही ओळींचे सारखे, खोल चर पडले असतील तर कोणीतरी चेन जास्त आवळून ठेवलीये. तुमच्या पट्टीवर यातलं काहीच नव्हतं. वरचं रबर पत्र्यापासून सुटून चेनकेसच्या (चेन ज्यात तेलात फिरते तो बंद डबा) तळाशी तुकडे होऊन पडलं होतं आणि चेन उघड्या पत्र्यावर घासत होती. मॅग्नेटला लोखंडाचा कीस मिशीसारखा चिकटलेला. गाडी कितीही रेटली तरी पट्टी अशी जात नाही.

तरी खात्री करायला त्याच खोक्यातली एक कोरी पट्टी मी लोणच्याच्या रिकाम्या बरणीत चेनकेसच्या तेलात बुडवून ठेवली. (बरणी घरची होती, त्याचा रिव्ह्यू मला घरी वेगळा मिळाला.) १५ दिवसांनी काढली तर रबर फुगलेलं, नखाने दाबलं की वण राहतोय, आणि एका कडेने पत्र्यापासून सुटायला लागलेलं. साधं नैसर्गिक रबर खनिज तेलात फुगतं. तेलात बसणाऱ्या भागाला नायट्राइल रबर लागतं. बघून फरक कळत नाही, दोन्ही काळीच. उरलेला खोका त्याच दिवशी परत केला. हे सगळं तुम्हाला तेव्हाच कळवायला हवं होतं, ते राहिलं.

एक मुद्दा मात्र मला मान्य नाही. "चेन मुद्दाम सैल ठेवली" असं तुम्ही लिहिलंय. ठेवलीच. जुन्या कास्ट आयर्न बुलेटला या चेनमध्ये वरखाली साधारण ६ मिलिमीटर खेळ, म्हणजे सैलपणा, लागतो, तोही चेन जिथे सगळ्यात ताठ आहे तिथे मोजून. चेन सगळीकडे सारखी ताणली जात नाही, म्हणून इंजिन हाताने फिरवत चार ठिकाणी बघावं लागतं. गाडी तापली की अॅल्युमिनियमचं केसिंग पोलादी चेनपेक्षा जास्त प्रसरण पावतं, दोन स्प्रॉकेटमधलं अंतर वाढतं आणि चेन आपोआप ताठ होते. थंड गाडीवरच खेळ संपवला, तर घाटात तो सगळा ताण क्रँकच्या आणि गिअरबॉक्सच्या बेअरिंगवर येतो. पट्टी काही शे रुपयांत येते. क्रँकच्या बेअरिंगसाठी इंजिन खाली उतरवावं लागतं.

आणि तेल. तुमच्या चेनकेसमध्ये ते लेव्हलच्या स्क्रूच्या बरंच खाली होतं. या गाडीत इंजिन ऑइल बदललं म्हणजे चेनकेसचं बदललं असं होत नाही, दोन्ही वेगळी. कव्हर एकाच नटावर बसतं, आणि गळती थांबावी म्हणून तो कोणीतरी इतका आवळलाय की कव्हर वाकून उलट जास्त गळतंय. कोणी आवळला यावर वाद नको, आमच्याच पोराने आवळला असेल. पण पार्किंगमध्ये थेंब दिसले की सांगत जा.

"स्प्रिंगवाला ऑटोमॅटिक टेन्शनर का बसवत नाही" याचंही उत्तर देतो. स्प्रिंग सैलपणा भरून काढत राहते, त्यामुळे पट्टी झिजतेय हे कानाला कळत नाही, आणि कळतं तेव्हा लोखंड लागलेलं असतं. तुमच्या गाडीने निदान आवाज तरी केला. २०२१ पासूनच्या क्लासिक ३५० मध्ये ही चेनच नाही, गिअर आहेत. पण वडिलांची गाडी देऊन तुम्ही ती घेणार नाही, एवढं मी तुम्हाला ओळखतो.

कंपनीची पट्टी परवा आली. पत्र्यावर घासून चेनही गेली होती, तीही नवी आणलीये. पट्टी, चेन, तेल, कव्हरचं रबर, मजुरी, सगळं आमच्याकडून, आणि जूनच्या पट्टीचे पैसे परत. आता बिलावर "लोकल" की "कंपनी" हे लिहिल्याशिवाय भाग बसत नाही, आणि तुम्हाला विचारल्याशिवाय लोकल लागत नाही.

शनिवारी सकाळी ९ ला या. चेन थंड इंजिनवरच लावायची असते, तुमच्यासमोर मोजून लावू. जुनी पट्टी आणि ती बरणी काउंटरवर ठेवलीये.