जिल्हा परिषदा १९९२ च्या नव्हेत

“७३ व्या घटनादुरुस्तीने महाराष्ट्राला जिल्हा परिषदा मिळाल्या” हे लेखातलं वाक्य खटकलं. ही दुरुस्ती १९९२ ची, पंचायत राज संस्थांना घटनेत स्थान देणारी. आपल्याकडे जिल्हा परिषदा १ मे १९६२ ला सुरू झाल्या, राज्याने नेमलेल्या वसंतराव नाईक समितीच्या अहवालानंतर झालेल्या १९६१ च्या कायद्याने. त्याआधी जिल्हा लोकल बोर्डं होती. आमच्याकडची म्हातारी माणसं अजून ‘बोर्डाची शाळा’च म्हणतात. पंचायत राजसाठी केंद्राने नेमलेल्या बलवंतराय मेहता समितीचा भर तालुका (ब्लॉक) पातळीवर होता, नाईक समितीने मात्र जिल्ह्याला बळ दिलं आणि आमदार-खासदारांना सदस्यत्वापासून लांब ठेवलं. माझ्या मते हाच सगळ्यात शहाणा निर्णय. (आमदारांना तो कधीच पचला नाही, ते वेगळं!)

घटनादुरुस्तीने दिलं ते वेगळंच: राज्य निवडणूक आयोग, महिलांना एक तृतीयांश जागा (२०११ पासून आपल्याकडे निम्म्या) आणि पाच वर्षांची ठरलेली मुदत. त्याची गरज होतीच, कारण १९७९ नंतर जिल्हा परिषदांच्या निवडणुका झाल्या त्या थेट १९९२ ला. पण मग २०२२ पासून बहुतेक जिल्हा परिषदांवर निवडून आलेल्या सदस्यांऐवजी वर्षानुवर्षं सरकारी प्रशासक का बसले होते? त्यावर लेखात एक ओळही नाही. आमच्या जिल्हा परिषद गटातल्या (मतदारसंघातल्या) रस्त्यासाठी त्या काळात कुणाला धरायचं हेच कळत नव्हतं.