आजारी लेकराजवळ बसलेले आईबाप म्हणजे अडचण नव्हे

सध्या पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक मेसेज फिरतोय: 'मूल आयसीयूत असेल तर आईवडिलांनी बाहेरच थांबावं. ते जंतू आत नेतात. त्यांना पाहून मूल जास्त रडतं. बेशुद्ध मुलाला तसंही काही कळत नाही. नुसतं बसून राहण्यापेक्षा घरी जाऊन झोपलेलं बरं.' मी नागपुरात लहान मुलांच्या वॉर्डात सिस्टर म्हणून नोकरी केली आहे. हे वाचून एखादी आई खरंच उठून निघून जाईल, या काळजीने लिहिते आहे.

'जंतू आत नेतात.' सर्दी, ताप, जुलाब असलेल्याने आत येऊच नये. गावाहून आलेले दहा नातेवाईक नारळपाणी घेऊन खाटेभोवती उभे राहतात, तेही थांबवलंच पाहिजे. पण वॉर्डातला संसर्ग बहुतेकदा हातांवरून पसरतो, एका खाटेवरून दुसऱ्या खाटेवर. आई तर एकाच खाटेजवळ असते. अंगठी-बांगड्या काढून साबणाने ४० ते ६० सेकंद हात धुवायला तिला शिकवलं, की ती ते मनापासून करते. सगळ्यात नाजूक बाळांचा अनुभवही हेच सांगतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या एका अभ्यासात पाच देशांतल्या रुग्णालयांमध्ये, त्यात दिल्लीचं सफदरजंगही होतं, १ ते १.८ किलोची बाळं जन्मानंतर लगेच आईच्या उराशी ठेवली आणि आयांनाही नवजात कक्षातच ठेवून घेतलं. २०२१ साली निष्कर्ष आले. तब्येत स्थिर होईपर्यंत आईपासून वेगळी ठेवलेल्या बाळांच्या तुलनेत पहिल्या २८ दिवसांतले मृत्यू सुमारे २५ टक्क्यांनी कमी होते. आई जवळ असल्याने जंतुसंसर्ग वाढला नाही, उलट कमीच दिसला. नवजात बाळाच्या देखभालीत आईवडिलांना सामील करून घ्या, अशा सूचना आपल्या केंद्र सरकारनेही २०१७ मध्येच काढल्या आहेत.

'आई दिसली की रडतं, गेली की गप्प होतं.' दिसतं तसंच, पण त्याचा अर्थ उलटा आहे. बालमनाचे अभ्यासक जेम्स रॉबर्टसन यांनी ब्रिटनमधल्या रुग्णालयांत आईवेगळी ठेवलेली मुलं बारकाईने पाहिली. मूल आधी आकांत करतं, मग मलूल होतं, आणि शेवटी आई आली तरी तोंड फिरवतं. तिथल्या स्टाफला वाटायचं, मूल रुळलं. ते रुळलेलं नसतं, त्याने आशा सोडलेली असते. १९५९ साली तिथल्या सरकारने नेमलेल्या प्लॅट समितीने आईवडिलांना मुलांना केव्हाही भेटू द्या आणि लहानग्यांच्या आयांना रुग्णालयात राहू द्या, अशी शिफारस केली. आईजवळ रडणारं मूल आपलं दुःख सांगत असतं. गप्प पडलेल्या मुलाची मला जास्त भीती वाटते.

'बेशुद्ध मुलाला कळत नाही.' व्हेंटिलेटरवरचं मूल पुष्कळदा औषधांनी गुंगीत ठेवलेलं असतं, आणि ती गुंगी कमी-जास्त होते. डोळे उघडतात तेव्हा घशात नळी, तोंडून शब्द नाही, सगळे चेहरे अनोळखी. तेव्हा ओळखीचा आवाज कानावर पडला, तर भेदरलेलं मूल लवकर शांत होतं.

आता 'नुसतं बसून राहणं'. याचाच मला सगळ्यात राग येतो.

आपल्या विदर्भात सिकलसेल, म्हणजे रक्ताचा एक आनुवंशिक आजार, खूप. या मुलांची पाणथरी, म्हणजे प्लीहा, कधी कधी काही तासांत रक्ताने फुगते आणि हिमोग्लोबिन धाडकन खाली येतं. गोंदियाकडची एक आई आठवते. पोराला तापासाठी भरती केलं होतं. रात्री तिने मला हाक मारली, "सिस्टर, याचं पोट सकाळी असं नव्हतं हो." डाव्या बरगडीखाली तिची दोन बोटं ठेवलेली होती, पाणथरी कशी चाचपायची ते तिला आधीच शिकवलेलं होतं. मी डॉक्टरांना बोलावलं, रक्त मागवलं, पोरगं वाचलं. माझ्याकडे त्या रात्री अख्खा वॉर्ड होता. त्या पोटाकडे सकाळपासून बघत होती ती एकटी तीच. जमैकात आयांना हीच तपासणी शिकवल्यावर या कारणाने होणारे मृत्यू घटले, हे १९८५ सालीच प्रसिद्ध झालंय. इंग्लंडमध्ये मार्था मिल्स ही १३ वर्षांची मुलगी २०२१ मध्ये सेप्सिसने, म्हणजे अंगभर भिनलेल्या जंतुसंसर्गाने, गेली. तिची तब्येत बिघडतेय हे आईवडील सांगत होते, पण त्यांचं ऐकलं गेलं नाही. घरच्यांना काळजी वाटली तर त्यांच्या मागणीवरून दुसऱ्या टीमने तातडीने तपासावं, असा नियम तिथे २०२४ पासून तिच्या नावाने सुरू झालाय.

'घरी जाऊन झोपा.' घर कुठे? नागपूरच्या मेडिकल, मेयो, डागा या सरकारी रुग्णालयांत गडचिरोलीहून, बालाघाटहून लोक लेकरं घेऊन येतात. तो बाप रात्री व्हरांड्यात चटई टाकतो. आणि तान्ह्याची आई निघून गेली, तर दर दोन-तीन तासांनी दूध काढायचं कोणी? ते काढलं नाही तर दूध आटतं. झोप हवीच, पण ती आळीपाळीने: एक जण खाटेशी, एक जण आडवा. त्यासाठी खाटेजवळ खुर्ची आणि आवारात निवारा मागायला हवा.

मूल भरती करताना तिथेच विचारून घ्या: रात्री सोबत कोण थांबेल, सुई टोचताना मूल मांडीवर घेता येईल का, आणि मध्यरात्री काही वेगळं वाटलं तर हाक कोणाला मारायची.