"देशी गाय मिथेन सोडतच नाही" ह्या मेसेजला मुद्द्याला मुद्दा उत्तर

गेल्या आठवड्यात भावकीच्या ग्रुपवर एक लांबलचक मेसेज आला, दुसऱ्या दिवशी तोच डेअरीच्या ग्रुपवर, आणि काल मामांनी पाठवला. थोडक्यात म्हणणं असं: शेतीमुळे हवामान तापतं हे परदेशी थोतांड आहे, प्रदूषण गाड्या आणि कारखाने करतात, देशी गाय मिथेन (हवा तापवणारा वायू) सोडतच नाही, सोडते ती फक्त जर्सी, आणि सोडला तरी तो निसर्गचक्रातच परत जातो, आधी अमेरिकेने कमी करावं, आणि हे सगळं चाललंय ते आपल्या गायी कमी करायला आणि भात बंद पाडायला, डेन्मार्कमध्ये गायीवर टॅक्स लागला, आता आपला नंबर. खाली "शेतकरी असाल तर पुढे पाठवा".

मी शेतकऱ्याच्याच घरातला आहे, मावळातला, घरी तीन संकरित गायी, एक म्हैस आणि दीड एकर इंद्रायणी भात. म्हणून पुढे न पाठवता उत्तर लिहितोय.

"प्रदूषण गाड्या आणि कारखाने करतात, शेती नाही." अर्धं बरोबर आहे. आपल्याच सरकारने डिसेंबर २०२४ मध्ये संयुक्त राष्ट्रांना जो अहवाल दिला त्यात हवा तापवणाऱ्या वायूंचा २०२० सालचा हिशोब आहे, कोळसा-पेट्रोल-डिझेल वगैरे ऊर्जेचा वाटा ७५ टक्क्यांच्या वर आणि शेतीचा साधारण १३.७ टक्के. म्हणजे मोठा वाटा शेतीचा नाही हे खरंच, पण जवळपास सातवा हिस्सा म्हणजे "काहीच नाही" असं होत नाही. आणि हा हिशोब भारत सरकारचा आहे, परदेशी लोकांचा नाही. शेतीच्या ह्या वाट्यात निम्म्याहून जास्त नुसतं जनावरांच्या रवंथातून येतं, त्याखालोखाल खतं घातलेली जमीन आणि भातखाचरं. पंपाची वीज आणि युरियाच्या कारखान्याचा धूर तर ह्यात धरलेलाच नाही, तो दुसऱ्या खात्यावर पडतो.

"आधी अमेरिकेने कमी करावं." हो, करावंच. आपलं माणशी उत्सर्जन जगाच्या सरासरीच्या निम्म्याहून कमी आहे, ह्या मुद्द्यावर माझं भांडण नाही. पण २०१९ च्या दिवाळीत कापून ठेवलेला भात अवकाळीने खाचरातच भिजला, लोंब्यांना मोड आले, तेव्हा पावसाने कुणाचं उत्सर्जन किती हे विचारलं नव्हतं.

"देशी गाय मिथेन सोडत नाही." हे साफ खोटं आहे आणि सगळ्यात जास्त फिरतं तेही हेच, म्हणून जरा सविस्तर सांगतो. गाय देशी असो, जर्सी असो, म्हैस असो नाहीतर शेळी, रवंथ करणाऱ्या प्रत्येक जनावराच्या कोटीपोटात, म्हणजे पोटाच्या मोठ्या कप्प्यात, कोट्यवधी सूक्ष्मजीव असतात, चारा तिथे आंबतो, त्यातूनच जनावराला ताकद मिळते आणि त्याच कामात हायड्रोजन तयार होतो, तो वापरून काही जीव मिथेन बनवतात. बहुतेक मिथेन ढेकरेतून, तोंडावाटे बाहेर पडतो. संध्याकाळी गोठ्यात गाय बसून रवंथ करत असते तेव्हा तिच्या गळ्याकडे बघा, दर थोड्या वेळाने घास वर येतो, आणि मधूनच एक ढेकर. वास येत नाही, दिसत नाही, म्हणून आपल्याला वाटतं काही नाही. जात कुठलीही असली तरी ही रचना बदलत नाही.

आपल्या शास्त्रज्ञांनी देशासाठी काढलेले आकडे आहेत: दुभती देशी गाय वर्षाला साधारण २८ किलो मिथेन सोडते, संकरित ४३ किलो, म्हैस ५० किलो. म्हणजे देशी गाय कमी सोडते हे खरं, कारण ती अंगाने लहान आणि खाते कमी. पण संकरित गाय मिथेन दीडपट सोडते आणि दूध सरासरी दुपटीच्या वर देते, त्यामुळे लिटरमागे बघितलं तर देशीचाच जास्त निघतो, त्यातून नुसता पेंढा आणि वाळकं गवत खाऊन असेल तर अजूनच, कारण चारा जितका भरड तितका किलोमागे मिथेन जास्त. म्हणून देशी गाय टाकाऊ आहे का? अजिबात नाही. डांगी ही आपली देशी गाय जशी पावसात उभी राहते तशी माझी एकही संकरित गाय राहणार नाही. तिच्यासाठी बोलायला खरे मुद्दे भरपूर आहेत, खोट्याची गरज नाही.

"निसर्गचक्रात परत जातो." ह्यात थोडं तथ्य आहे. गवताने हवेतूनच कार्बन घेतलेला असतो आणि मिथेन साधारण बारा वर्षांत मोडून परत कार्बन डायऑक्साइड होतो, कोळशासारखा जमिनीखालून नवीन कार्बन येत नाही. पण ती बारा वर्षं तो मिथेन म्हणून वर असतो ना, आणि शंभर वर्षांच्या हिशोबाने तो कार्बन डायऑक्साइडच्या जवळजवळ २८ पट तापवतो, वीस वर्षांच्या हिशोबाने ८० पट. जुना मोडतो तोवर नवा वर गेलेला असतो. आणि ह्याच गोष्टीची दुसरी बाजू मेसेजवाल्याने सांगितली नाही, ती म्हणजे मिथेन आज कमी केला तर फरक आपल्याच हयातीत दिसतो.

आता शेवटचा मुद्दा, "गायी कमी करणार, भात बंद पाडणार, टॅक्स लावणार." भीती सगळी ह्यातच आहे आणि ती मला समजते, कारण दुधाचा दर आणि पेंडीचा दर बघितला की आधीच पोटात गोळा येतो. डेन्मार्कने टॅक्स लावायचं ठरवलंय हे खरं, तो २०३० पासून लागू होणार. न्यूझीलंडने असाच बेत केला होता आणि २०२४ मध्ये मागे घेतला. आणि भारताने २०२१ मध्ये ग्लासगोच्या हवामान परिषदेत मिथेन कमी करायच्या जागतिक करारावर सहीच केली नाही, आपलं सरकार तिकडे सांगतं की आमच्या शेतकऱ्याचं उत्सर्जन हे जगण्यासाठीचं आहे, चैनीचं नाही. मग "आता आपला नंबर" कशावरून?

बरं, कमी करायचं म्हणजे गायी विकायच्या असंही नाही. चाऱ्यातल्या ताकदीपैकी साधारण सहा टक्के मिथेन होऊन उडून जाते. शंभर रुपयांची वैरण टाकली तर सहा रुपये ढेकरेत गेले. राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाचा संतुलित आहाराचा कार्यक्रम आहे, जनावराचं वजन, दूध आणि घरात असलेला चारा बघून किती काय घालायचं ते सांगतात, त्याने लिटरमागे मिथेन दहा-पंधरा टक्के कमी होतो आणि खर्चही उतरतो. बंगळुरूच्या पशुपोषण संस्थेने हरित धारा नावाचं पूरक खाद्य काढलंय, त्याने १७ ते २० टक्के कमी होतो असं ते सांगतात. आणि सगळ्यात साधी गोष्ट, कालवड वेळेवर गाभण राहिली पाहिजे आणि गाय उगाच भाकड राहता कामा नये. आमची एक कालवड चार वर्षांची होऊन पहिल्यांदा व्याली, कारण आम्ही तिला दोन वर्षं नुसत्या पेंढ्यावर ठेवली, तेवढी वर्षं तिने खाल्लं, मिथेन सोडला, आणि दूध एक थेंब नाही. चूक आमचीच होती.

भाताचंही तसंच. खाचरात पाणी तुंबलं की चिखलात हवा राहत नाही आणि तिथेही मिथेन तयार होतो. पाणी सतत न तुंबवता मधेमधे जमीन उघडी पडू द्यायची, फुलोऱ्यात मात्र पाणी ठेवायचं, एवढ्याने मिथेन बराच घटतो, पाणीही वाचतं आणि पीक घटत नाही. हे मावळात जुलैत जमणार नाही, वरून धो धो कोसळत असतं, पण भंडारा-गोंदियाच्या उन्हाळी भाताला नक्की जमतं. आपल्याकडे जमण्यासारखी आहे ती शास्त्रज्ञ डॉ. नारायण सावंतांची भातलागवडीची चारसूत्री पद्धत. नेहमी आपण युरिया फेकतो, त्यातला जेमतेम तिसरा हिस्सा पिकाला लागतो, बाकी अमोनिया होऊन उडतो, ओढ्याला जातो, आणि थोडासा भाग नायट्रस ऑक्साइड होतो, जो कार्बन डायऑक्साइडच्या जवळजवळ २७० पट तापवतो. चारसूत्रीत चार चुडांचा (रोपांच्या जुडग्यांचा) चौकोन करून लावायचं आणि मधोमध युरिया-डीएपीची एक गोळी, पावणेतीन ग्रॅमची, बोटाने चिखलात खोल दाबायची. पहिल्या दिवशी कंबर मोडते, बोटं संध्याकाळपर्यंत सुरकुततात, आणि मजूर कुरकुर करतात, हे खोटं सांगणार नाही. पण खत एकदाच, तेही कमी, आणि शेजारचं खाचर पिवळं पडतं तेव्हा आपलं लोंबी येईपर्यंत हिरवंगार.

मामा, तुम्ही मेसेज पाठवलात म्हणून तुम्हालाच सांगतो, लावणीच्या आधी मी गोळ्या आणणार आहे, ओढ्याजवळच्या तुमच्या खाचरापुरत्या जास्तीच्या घेतो. अर्धं खाचर तुमच्या पद्धतीने करा, अर्धं गोळीवर, आणि झोडपणीला दोन्हीची पोती वेगळी मोजू.