‘पेपर क्लिअर’ म्हणणाऱ्यांनो, आधी एचपी उतरवा

गाडीवर लोन आहे हे जाहिरातीत लिहायला काय जातं हो तुमचं? ‘फर्स्ट ओनर, पेपर क्लिअर, सिरियस बायरनेच फोन करावा’ असं छातीठोक लिहिता. माणूस अर्धं पुणं ओलांडून येतो, बॉनेट उघडून बघतो, चक्कर मारतो, घासाघीस होऊन भाव ठरतो, आणि मग चहा पिताना हळूच, "तेवढं एचपी उतरवायचं राहिलंय. होऊन जाईल." होऊन जाईल म्हणजे? पिकलं की आपोआप गळून पडतं का ते?

एचपी म्हणजे हायपोथिकेशन, गाडी बँकेकडे तारण असल्याची आरसीवरची नोंद. तिथे बँकेचं नाव असेपर्यंत बँकेच्या लेखी संमतीशिवाय आरटीओ गाडी दुसऱ्याच्या नावावर करत नाही. लोन फिटलं असेल तर बँकेची एनओसी आणणं, एचपी काढण्याच्या फॉर्म ३५ वर बँकेची सही-शिक्का घेणं हे विकणाऱ्याचं काम. पण यांचं लोन ‘कधीच फिटलंय’ आणि एनओसी ‘घरात कुठेतरी आहे’. सापडली तरी तिची मुदत संपलेली. तीही परत काढायची म्हणजे शाखेत खेटे घालायचे, आणि ते कुणी घालायचे तर म्हणे घेणाऱ्याने!

ज्यांचे हप्ते चालू आहेत ते तर आणखी थोर. "दादा, तुम्ही पूर्ण पैसे द्या, त्यातूनच मी लोन भरून टाकतो." ठीक आहे, दोघं मिळून बँकेत जाऊ. बँकेच्या फोरक्लोजर लेटरवर लोन बंद करायला जेवढी रक्कम लिहिली आहे तेवढी मी थेट लोन खात्यात भरतो, बाकीचे एनओसी आणि फॉर्म ३५ हातात आल्यावर. एवढं म्हटलं की चेहरा पडतो. "विश्वास नाही का आमच्यावर?" नाही! कालपर्यंत आपण एकमेकांना ओळखत नव्हतो, विश्वास कुठून आणू?

मग शेवटचं अस्त्र निघतं, पाचशेचा स्टॅम्प. "नोटरी करून देतो, टीटीच्या, म्हणजे मालकी बदलायच्या फॉर्मवर सह्या करून ठेवतो, गाडी आजच घेऊन जा." नोटरीने आरसीवरचं नाव बदलत नाही, साहेब. उद्या यांचे हप्ते थकले आणि वसुलीवाले माझ्या पार्किंगमधून गाडी उचलायला आले, तर त्यांच्यापुढे तो स्टॅम्प पेपर नाचवू?

आणि चेसिस नंबर बघायला वाकलं तर लोकांना अपमान का वाटतो? भंगारात गेलेली टोटल लॉसची गाडी कागदांसकट विकत घ्यायची, त्याच मॉडेलची, त्याच रंगाची गाडी चोरायची आणि भंगारवालीचा नंबर तिच्यावर ठोकायचा, हा धंदा जुना आहे. अशी गाडी परिवहनच्या अ‍ॅपवर टाका, सगळं कसं छान दिसतं, कारण कागद खरेच असतात, खोटी असते ती गाडी! एनसीआरबीच्या, म्हणजे देशभरातल्या गुन्ह्यांची नोंद ठेवणाऱ्या सरकारी संस्थेच्या ‘वाहन समन्वय’ पोर्टलवर नंबर टाकून चोरीची नोंद बघता येते, बघावीच. पण ठोकलेला नंबर मुळात चोरीच्या गाडीचा नाहीच, तिथे ते तरी काय करणार? म्हणून मी टॉर्च मारून सतराच्या सतरा अक्षरं वाचतो, आजूबाजूला ग्राइंडर फिरलाय का, वेल्डिंग किंवा ताजा रंग आहे का बघतो, इंजिन नंबर ताडतो, कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमधून जुना रेकॉर्ड काढायला सांगतो. चोरीची निघाली तर गाडी मुद्देमाल म्हणून पोलीस ठाण्याच्या आवारात गंजणार आणि ‘तुम्ही कुणाकडून घेतली?’ याची उत्तरं मी देत बसणार. तेव्हा तुमचा फोन लागणार आहे का?

सरकारचंही कौतुकच. अ‍ॅपवर मालकाच्या नावात फुल्या. गोपनीयता समजू शकतो, पण मग समोर बसलेला काका खरंच मालक आहे की मालकाचा मेव्हणा, हे मी कसं ओळखायचं? मूळ आरसी आणि आधार मागितलं तर काका म्हणतात, "झेरॉक्स चालेल ना?"

नाही चालणार!

परवा एकजण तोऱ्यात म्हणाला, "एवढी चौकशी करायची तर शोरूममधून नवीन घ्या." म्हणजे लाखो रुपये मी मोजायचे, वर भिडस्तपणाही मीच दाखवायचा? मूळ आरसी, दुसरी चावी, चेसिस नंबरचा स्पष्ट फोटो. हे असेल तर बोला, नाहीतर तुमचा नंबर ब्लॉक.