कॅबिनेट घरीच राहू द्या, काका

नमस्कार काका,

तुमची प्रतिक्रिया नीट वाचली. ज्यांच्या नजरेतून ती सुटली असेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. डेस्कटॉप विमानाने कसा न्यावा यावर मी लिहिलं होतं. ते तुमच्या मुलाने वाचलं आणि ऑक्टोबरमध्ये एमएससाठी जर्मनीला जाताना आपला गेमिंगचा संगणक बरोबर नेणारच, असं तो म्हणतोय. तुमचं म्हणणं असं, की वीस किलोचं धूड विमानात घालणं हा शुद्ध वेडेपणा आहे. सिक्युरिटीवाले अडवतील, सामानात टाकलं तर फुटेल, तिकडे कस्टमवाले पैसे मागतील. त्यापेक्षा चांगला लॅपटॉप घ्यावा. आणि मुळात पोरगं शिकायला चाललंय की खेळायला? शेवटी तुम्ही लिहिलंय, ‘असले लेख लिहून पोरांना फूस लावू नका.’

फूस लावण्याबद्दल शेवटी बोलतो. आधी वीस किलोचं बघू, कारण बाकीच्या बऱ्याच शंका त्या आकड्यातूनच आल्या आहेत.

तुमच्या डोळ्यांसमोर टेबलाखालचा अख्खा डबा आहे, आणि वीस किलोत बहुधा मॉनिटरही धरलाय. मॉनिटर नेऊच नये, याबद्दल आपलं एकमत आहे. जर्मनीत सेमिस्टर संपलं की गाव सोडून जाणारी मुलं क्लाइनअनत्साइगन या जुन्या वस्तूंच्या संकेतस्थळावर मॉनिटर, टेबलं, खुर्च्या विकायला काढतात. तिथून घ्यावा. उरला डबा. त्यातलं निम्मं वजन कॅबिनेटचं असतं, म्हणजे पत्र्याचं आणि बाजूच्या काचेचं. संगणकात सगळ्यात जड तेच, प्रवासात सगळ्यात आधी फुटणारं तेच, आणि तुलनेने स्वस्तही तेच. म्हणून माझा सल्ला असा, की कॅबिनेट घरीच राहू द्या. मदरबोर्डचं, म्हणजे सगळे भाग ज्या मुख्य पाटीवर बसतात तिचं, एटीएक्स हे माप इंटेलने १९९५ साली ठरवलं आणि आजही तेच चालतं. त्यामुळे कोल्हापुरात घेतलेला बोर्ड जर्मनीतल्या कुठल्याही दुकानातल्या एटीएक्स कॅबिनेटमध्ये त्याच भोकांवर बसतो.

मग न्यायचं उरतं काय? ग्राफिक्स कार्ड, म्हणजे पडद्यावरचं चित्र तयार करणारा भाग, साधारण एक ते दीड किलो. मदरबोर्ड, त्यावरच बसलेला प्रोसेसर, रॅम आणि माहिती साठवणारी एसएसडी मिळून दीड किलोच्या आतबाहेर. पॉवर सप्लाय दोनेक किलो. प्रोसेसर थंड ठेवणारा कूलर मोठा असेल तर किलोभर. सगळं मिळून सहा किलोच्या घरात जातं, आणि तेही एका बॅगेत घालायचं नाही. कार्ड आणि बोर्ड हातातल्या सॅकमध्ये. पॉवर सप्लाय आणि कूलर चेक-इन बॅगेत, स्वेटरांच्या मधोमध. हातातल्या सामानाला सहसा ७ किंवा ८ किलोची मर्यादा असते आणि ती कंपनीगणिक बदलते, त्यामुळे तिकिटावरचा आकडा बघूनच वाटणी करा. तीन किलोचे भाग आणि एक साधा लॅपटॉप त्यात बसतो.

‘सामानात टाकलं तर फुटेल’ हे तुमचं वाक्य मात्र अगदी बरोबर आहे. आहे तसा उभा डबा खोक्यात घालून बेल्टवर सोडायला मी कुणालाच सांगणार नाही. त्याचं कारण कळलं की मुलाला समजावणंही सोपं जाईल. टॉवर कॅबिनेटमध्ये मदरबोर्ड उभा असतो आणि ग्राफिक्स कार्ड त्यातून आडवं बाहेर येतं. त्याला आधार फक्त एका बाजूला, मदरबोर्डवरच्या खाचेचा आणि मागच्या एक-दोन स्क्रूंचा. दुसरं टोक अधांतरी, भिंतीत एकाच टोकाला ठोकलेल्या फळीसारखं. पूर्वी कार्डं हलकी होती तेव्हा हे खपून जायचं. आता एनव्हिडियाचं आरटीएक्स ४०९० सव्वादोन किलोच्या आसपास भरतं. खोकं कंबरेएवढ्या उंचीवरून जरी पडलं तरी तो सगळा हिसका खाचेजवळच्या इंचभर जागेवर येतो आणि कार्डाची सर्किटची पाटी तिथेच तडकते. ही तड केसाएवढी बारीक असते. बाहेरून सगळं धड दिसतं, पण पडद्यावर काही उमटत नाही. मोठ्या हवेच्या कूलरची गत तीच. नॉक्टुआचा एनएच-डी१५ पंख्यांसकट १.३२ किलोचा आहे आणि तोही त्याच उभ्या बोर्डाला लटकलेला असतो.

म्हणून सुटं करणं हाच खरा उपाय. हे काम मुलाने जायच्या आदल्या रात्री करू नये, निदान आठवडाभर आधी एकदा करून बघावं. सुरुवातीला प्रत्येक वायर कुठे जाते त्याचे फोटो काढावेत. मग कार्डाच्या वीजजोडणीचा खटका दाबून वायर काढायची, मागचे स्क्रू काढायचे, आणि मग खरी अडचण येते. खाचेच्या टोकाला एक छोटी प्लॅस्टिकची कळ असते, ती दाबल्याशिवाय कार्ड सुटत नाही. जाड कार्ड आणि कूलर यांच्या फटीत ती अशी दडलेली असते की बोट पोचत नाही. मुलं इथेच वैतागून कार्ड ओढतात. तिथे आइस्क्रीमची लाकडी काडी वापरावी; स्क्रू ड्रायव्हर घालू नये, कारण तो निसटला तर बोर्डावर ओरखडा पडतो. कळ दबली की हलका ‘टक्’ आवाज येतो, मग कार्ड सरळ वर घ्यायचं.

कूलरच्या बाबतीत एक विचारा त्याला: प्रोसेसर एएमडी कंपनीच्या रायझन ५००० किंवा त्याआधीच्या मालिकेतला आहे का? असेल तर त्याच्या पिना प्रोसेसरलाच असतात. प्रोसेसर आणि कूलर यांच्यामधली थर्मल पेस्ट, म्हणजे उष्णता वाहून नेणारा लेप, थंड असली की गोंदासारखी धरते आणि कूलर उचलताना प्रोसेसरही सॉकेटमधून उपटून येतो. पिना वाकल्या की सुईने एकेक सरळ करत बसावं लागतं. म्हणून आधी दहा-पंधरा मिनिटं एखादा गेम चालवायचा, संगणक बंद करून प्लग काढायचा, आणि पेस्ट कोमट असतानाच कूलर उचलण्याआधी डावीकडे-उजवीकडे हळूहळू फिरवायचा. तो सुटा झाल्याचं हाताला कळतं. प्रोसेसरच्या खोक्यातून आलेला छोटा कूलर असेल तर तो काढायचीही गरज नाही, बोर्डाच्या खोक्यात बसत असेल तर तसाच जाऊ द्या. पाण्यावर चालणारा बंदिस्त कूलर मात्र चेक-इनमध्येच टाकावा. आतलं द्रव हातातल्या सामानाच्या १०० मिलीच्या मर्यादेपेक्षा जास्त असू शकतं, आणि सिक्युरिटीच्या रांगेत त्यावर वाद घालण्यात अर्थ नाही.

भाग मूळ खोक्यांत आणि करड्या अँटिस्टॅटिक पिशव्यांत भरावेत. थर्माकोल किंवा साधा बबल रॅप बोर्डाला थेट लावू नये, त्याने स्थिर वीज तयार होते. पिशवीच्या बाहेरून हवा तेवढा गुंडाळा.

आता सिक्युरिटी. संगणकाचे भाग हातातल्या सामानात न्यायला बंदी नाही. बंदीचा प्रश्न मुख्यतः लिथियम बॅटऱ्यांचा असतो, आणि डेस्कटॉपमध्ये बोर्डावरच्या बटणाएवढ्या सेलशिवाय बॅटरीच नसते. कार्डावरचा तांब्या-अॅल्युमिनियमचा गठ्ठा एक्स-रेत गडद दिसतो, म्हणून बॅग बाजूला काढली जाऊ शकते. त्यावर सोपा उपाय म्हणजे लॅपटॉपसारखंच कार्ड आणि बोर्ड आपणहून बाहेर काढून वेगळ्या ट्रेमध्ये ठेवणं. मुंबईच्या विमानतळावर मी तसंच केलं. सीआयएसएफच्या जवानाने ‘ये क्या है?’ विचारलं, मी सांगितलं, त्याने कापडाच्या पट्टीने पुसून ती यंत्रात तपासली आणि खोकं परत दिलं. स्क्रू ड्रायव्हर मात्र हातातल्या सामानात सापडला तर काढून घेतात. तो चेक-इनमध्येच टाकायचा. एक्स-रेने एसएसडीतली माहिती पुसली जात नाही, त्याचीही काळजी नको.

नियम अचानक बदलू शकतात, ही तुमची भीती हवेतली नाही. मार्च २०१७ मध्ये अमेरिकेने दुबई, अबू धाबी, दोहा, इस्तंबूलसह दहा विमानतळांवरून थेट येणाऱ्या विमानांत फोनपेक्षा मोठं कुठलंही इलेक्ट्रॉनिक यंत्र जवळ बाळगायला बंदी घातली होती. लॅपटॉपसुद्धा विमानाच्या पोटात, म्हणजे चेक-इनच्या सामानात, टाकावे लागले. जुलैपर्यंत ती उठली. म्हणून निघण्याआधी विमान कंपनीचं पान एकदा बघावं, आणि हातातला भागही पोटात टाकायची वेळ आली तरी टिकेल असाच बांधावा.

चेक-इनमधल्या सामानाचं नुकसान झालं तर १९९९ चा माँट्रियल करार लागू होतो. भारत आणि जर्मनी दोघेही त्यात आहेत. पण लेखी तक्रार सामान हातात आल्यापासून सात दिवसांत करावी लागते, आणि नाजूक इलेक्ट्रॉनिक्सची जबाबदारी बऱ्याच कंपन्या आपल्या अटींमध्ये झटकतात. भरपाई मिळेल या भरवशावर कार्ड पोटात टाकू नका, एवढाच त्याचा अर्थ.

कस्टमचं सांगतो. शिकायला येणाऱ्या विद्यार्थ्याची अभ्यासाची साधनं आणि खोलीतलं नेहमीचं सामान यांना युरोपीय संघाच्या नियमांत शुल्कमाफी आहे. स्वतःच्या वापरातली वस्तू असावी, विकायला आणलेली नसावी. भागांची जुनी बिलं आणि विद्यापीठाचं प्रवेशपत्र सॅकमध्ये वरच्या कप्प्यात ठेवायला सांगा. पुढे कधी हे सगळं परत आणायचं असेल तर जाताना भारतीय कस्टमकडून एक्सपोर्ट सर्टिफिकेट, म्हणजे वस्तू इथूनच नेली होती असा दाखला, करून घेता येतं. येताना लॅपटॉपला जी वेगळी सूट मिळते ती डेस्कटॉपला मिळत नाही, म्हणून तो कागद उपयोगी पडतो.

विजेचा प्रश्न जर्मनीत नाही, तिथेही आपल्यासारखीच २३० व्होल्ट आणि ५० हर्ट्झ. फक्त प्लग वेगळा, तेव्हा वायर तिथे घ्यावी. अमेरिकेला जाणाऱ्यांनी मात्र पॉवर सप्लायचं लेबल वाचावं. तिथे घरात १२० व्होल्ट असतात आणि आपल्याकडे विकले जाणारे काही स्वस्त पॉवर सप्लाय फक्त २०० ते २४० व्होल्टवरच चालतात.

पोचल्यावर लगेच जोडायची घाई करू नये. विमानाच्या पोटातून थंड झालेले भाग उबदार खोलीत आले की त्यांवर दव धरतं. काही तास तसेच राहू द्यावेत. विंडोजमध्ये बिटलॉकर ही माहिती कुलूपबंद करणारी सोय चालू असेल तर त्याची रिकव्हरी की आधीच कागदावर लिहून घ्यावी, नाहीतर संगणक चालू होऊनही आत जाता येणार नाही.

तुमचा सगळ्यात वजनदार मुद्दा लॅपटॉपचा. मुलाला लॅपटॉप लागेलच, वर्गात आणि ग्रंथालयात डेस्कटॉप नेता येत नाही. पण त्यासाठी साधा, हलका लॅपटॉप पुरतो. महागडा गेमिंग लॅपटॉप घेऊन डेस्कटॉप विकून टाकावा, हा हिशोब मला पटत नाही. नावं सारखी असली तरी यंत्रं सारखी नसतात. डेस्कटॉपचं आरटीएक्स ४०९० साडेचारशे वॅट वीज घेतं आणि त्यावर २४ जीबी मेमरी असते. त्याच नावाच्या लॅपटॉपमध्ये वेगळी, लहान चिप असते, मेमरी १६ जीबी, आणि वीज १७५ वॅटच्या आत. खालच्या कार्डांत ही दरी बरीच कमी होते, हेही खरं. ४०६० असेल तर फार फरक पडत नाही. पण लॅपटॉपचं कार्ड बोर्डालाच जोडलेलं असतं, ते बिघडलं की सगळा बोर्ड गेला. डेस्कटॉपचा एक भाग बिघडला तर तेवढाच बदलता येतो, आणि हातात मोजके युरो असलेल्या विद्यार्थ्याला हे फार मोलाचं आहे.

त्याचं कार्ड जुनं, बेताचं असेल, तर मी स्वतः सांगेन की नेऊ नकोस. धाकट्या भावंडाला दे. एका सेमिस्टरच्या एक्स्चेंजसाठी जाणाऱ्यांनीही ही उठाठेव करू नये. दोन वर्षं राहायचं आहे आणि यंत्र चांगलं आहे, तर न्यावं.

राहिलं ‘शिकायला की खेळायला’. त्याचा विषय तुम्ही लिहिलेला नाही. मशीन लर्निंग, त्रिमितीय मॉडेलिंग, सिम्युलेशन असलं काही असेल तर तेच गेमिंगचं कार्ड रात्रभर त्याचा प्रोजेक्ट चालवेल. पण समजा असलं काहीच नाही, तो फक्त खेळणार आहे. तरीही मी त्याच्या बाजूने बोलेन. जर्मनीत डिसेंबरात दुपारी साडेचारला अंधार पडतो. पहिल्या हिवाळ्यात ओळखी झालेल्या नसतात, भाषा येत नसते, रविवारी दुकानं बंद असतात. भारत तेव्हा साडेचार तास पुढे असतो. कोल्हापुरात मित्रांची जेवणं उरकून रात्रीचे साडेनऊ होतात तेव्हा तिकडे संध्याकाळचे पाच वाजलेले असतात. त्या वेळी शाळेपासूनच्या चार मित्रांबरोबर हेडफोन लावून तासभर मराठीत आरडाओरडा करायला मिळणं, ही त्या वयाच्या मुलासाठी मोठी गोष्ट आहे. तो संगणक त्याने पैसे साठवून, एकेक भाग निवडून जोडला असेल, तर तो नेण्याचा हट्ट मला समजतो. तुम्ही रागावलात ते काळजीपोटी, तेही समजतं. मुलांनी पैसा आणि सामान दोन्ही वाया घालवू नये म्हणूनच मी लिहितो, त्यांना तुमच्याविरुद्ध उभं करण्यासाठी नाही.

एक करा. त्याला शेजारी बसवून ग्राफिक्स कार्ड, मदरबोर्ड आणि पॉवर सप्लाय यांची मॉडेलं इथेच खाली लिहा, आणि तिकिटावर चेक-इन आणि हातातलं सामान किती किलो मिळतंय तेही. कुठला भाग कुठल्या बॅगेत जाईल आणि कुठला नेण्याच्या लायकीचा नाही, ते मी एकेक करून सांगतो.